साकेतला न्यायला आलोय

रोज संध्याकाळी, शेवटचं मूल घरी गेलं, की भाऊ खांबेटे चपला घालून स्वतःच्या घराबाहेर पडायचे, दार ओढून घ्यायचे आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवायचे.

"कोण?" आतून त्यांची बायको विचारायची.

"साकेतला न्यायला आलोय."

दार उघडायचं. सुमतीकाकू तीन वर्षांच्या साकेतला पिशवीसकट भाऊंच्या हवाली करायच्या आणि सांगायच्या, "आज नीट जेवला. दुपारी मात्र झोपला नाही." भाऊ "बरं, बरं" म्हणत मुलाला कडेवर घ्यायचे, जिना उतरायचे, खाली पानाच्या टपरीपर्यंत एक फेरी मारायचे आणि पुन्हा वर यायचे. तेवढ्यात काकूंनी सतरंज्या गुंडाळलेल्या असायच्या आणि पाळणाघराचं खांबेट्यांचं राहतं घर झालेलं असायचं.

मानपाड्याची कंपनी बंद पडल्याने भाऊंच्या डोक्यावर परिणाम झाला, असं सोसायटीतल्या लोकांना वाटायचं. पण डोकं भाऊंचं नव्हतंच. ते सुमतीकाकूंचं होतं, आणि अगदी ठिकाणावर होतं.

कंपनी बंद पडली तेव्हा भाऊंनी नोकरी गेलेला सुशिक्षित डोंबिवलीकर जे करतो तेच केलं. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचून काढायचं आणि देशाचं कसं होणार याची काळजी करायची. देशाला त्याने काही फरक पडेना आणि घरात किराणा येईना. तेव्हा सुमतीकाकूंनी कोपरच्या त्या दोन खोल्यांत शेजारपाजारची तीन मुलं सांभाळायला घेतली. घरचा साकेत चौथा.

धंदा म्हणजे काय हे काकूंना माहीत नव्हतं, पण नोकरी करणारी आई म्हणजे काय हे बरोबर ठाऊक होतं. तिला भिंतीवर ससे नको असतात. तिला दारात पाऊल टाकल्या टाकल्या तीन गोष्टी कळायला हव्या असतात: जेवला का, झोपला का, शी झाली का. काकू ही तिन्ही उत्तरं प्रश्नाआधी द्यायच्या. तिसऱ्या उत्तराला तर त्या असा काही जिव्हाळा लावायच्या, की मुलाच्या पराक्रमाने आईची मान ताठ व्हायची. शिवाय उशीर झाला म्हणून त्यांनी कुणाला कधी तोंड वाकडं करून दाखवलं नाही. पोळीभाजी ताजी, अंथरुणं धुतलेली. सहा महिन्यांत चाराची दहा मुलं झाली आणि भाऊ देश सोडून भाजी आणायला लागले.

आणि मग क्षिप्राची आई आली.

पाळणाघरात मोठ्या माणसांना नाव नसतं. ती अमक्याची आई आणि तमक्याचे बाबा असतात. क्षिप्राची आई बँकेत होती. एके दिवशी ती लवकर आली आणि तिने पाहिलं, की आपली क्षिप्रा कोपऱ्यात बसून रडतेय आणि साकेत काकूंच्या मांडीवर आडवा होऊन पोळीचा लाडू खातोय. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "साहजिकच आहे हो. आपलं ते आपलंच." आणि दुसऱ्या दिवशी क्षिप्रा आली नाही. त्या आठवड्यात तिच्याच बिल्डिंगमधली आणखी दोन मुलं आली नाहीत.

काकूंना ते लागलं. पैसे गेले याहून जास्त हे लागलं, की कुणीतरी आपल्याला पक्षपाती समजलं. मध्यमवर्गीय माणूस उपाशी राहील, पण पक्षपाती ठरणार नाही. त्यांनी रात्रीतून नियम केला. पाळणाघर चालू असताना इथे सगळी सारखी. साकेतची पिशवी इतरांच्या पिशव्यांबरोबर खुंटीला. लाडू वाटताना साकेतचा नंबर शेवटचा. तो पडला, तर आधी बाकीच्यांकडे कोण बघतंय ते पाहून मग त्याला उचलायचं. आणि इतर मुलं म्हणतात तसं त्यानेही काकूच म्हणायचं, कारण एकाने "आई" म्हटलं की बाकीच्या नवांना आपापली आई आठवते आणि सगळं पाळणाघर एका सुरात रडायला लागतं. हे मात्र अगदी खरं होतं.

"आणि त्याला नेणार कोण?" भाऊंनी विचारलं होतं. "सगळ्यांना न्यायला कोणीतरी येतं."

"तुम्ही या की," काकू म्हणाल्या. असं ते बेल वाजवणं सुरू झालं.

क्षिप्राची आई परत आली. बाकीचीही आली.

पाळणाघर संपलं, की साकेतने पुन्हा आई म्हणायचं, असं ठरलेलं होतं. पण तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. दिवसभरात आई म्हटलं तर काकूंचे डोळे वटारले जातात आणि काकू म्हटलं तर कधीच वटारले जात नाहीत, एवढं त्याला कळलं. त्याने आपलं बिनधोक काकू धरलं. काकू रात्री इतक्या दमलेल्या असायच्या, की पोरगं कुठल्या नावाने हाक मारतंय यापेक्षा हाक मारतंय याचाच त्यांना कंटाळा यायचा.

त्यांच्या लक्षात आलं ते शाळेच्या गॅदरिंगला. साकेत ससा झाला होता. बाईंनी कौतुकाने विचारलं, तुझी आई कुठे बसलीय? सशाने सगळ्या हॉलवरून नजर फिरवली आणि सांगितलं, आई नाही आली, काकू आलीय. हॉल हसला. काकूही हसल्या. भाऊ तेवढे हसले नाहीत; पण भाऊ विनोदाला नेहमीच उशिरा हसायचे, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

पुढे तर काकू हा किस्सा स्वतःच सांगायला लागल्या. नवीन आईबाप चौकशीला आले, की चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "माझा पोटचा मुलगासुद्धा मला काकू म्हणतो, आता बोला. इतकी इथे सगळी सारखी." आईबाप एकमेकांकडे बघायचे आणि तिथल्या तिथे नाव घालायचे. कुठल्याही जाहिरातीने झालं नसतं असं काम त्या एका वाक्याने केलं. समोरचा ब्लॉक घेतला गेला. हाताखाली अमृता आली, तीही काकूंच्या तालमीत तयार झाली. कोपरच काय, शहाडहूनसुद्धा मुलं येऊ लागली. भाऊ वाहतूक, भाजीपाला आणि रुसलेली मुलं या तिन्ही खात्यांचे प्रमुख झाले. काकूंचं पाळणाघर म्हणजे सोनं, असं लोक म्हणत आणि ते खोटं नव्हतं.

साकेतही सोन्यासारखाच वाढला. कधी हट्ट नाही, कधी दुसऱ्याच्या आधी हात पुढे नाही. दहावीला ताप अंगात घेऊन पेपर लिहून आला आणि घरी सांगितलं ते मुलं सगळी गेल्यावर. असा समजूतदार मुलगा शोधून सापडायचा नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. मूल इतकं समजूतदार कशाने होतं, हे कोणी विचारलं नाही.

तो शिकला, नोकरीला लागला, रुचिताशी लग्न करून ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला गेला. आणि त्यांना उर्वी झाली.

सुमतीकाकूंना साठीत असं काही भरतं आलं, की भाऊ घाबरले. रुचिताची रजा संपली की उर्वी आपल्याकडेच येणार, हे काकूंनी गृहीत धरलं होतं. शनिवार-रविवार आईबापांकडे, बाकी दिवस आजीकडे. जिने दुसऱ्यांची एवढी मुलं वाढवली, तिच्याकडे स्वतःची नात येणार नाही तर कुठे जाणार? खिडकीजवळचा कोपरा मोकळा केला. पाळण्याच्या कड्यांना तेल घातलं. आणि एक गोष्ट त्यांनी अमृतालासुद्धा सांगितली नाही, मनाशीच ठरवली: या पोरीला मात्र लाडू पहिला द्यायचा. जे व्हायचं ते होऊ दे. आणि तिच्याकडून दिवसभर, सगळ्यांच्या देखत, आजी म्हणवून घ्यायचं.

रुचिताची रजा संपत आली तेव्हा साकेत एकटाच आला. कोपऱ्यातला पाळणा त्याने पाहिला, चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला. मग सांगितलं, की घराजवळ एक डे-केअर बघितलंय, फोनवर कॅमेऱ्यातून मूल दिसतं, तिथे उर्वीचं नाव घातलंय.

"माझ्याहून चांगलं आहे?" काकूंनी विचारलं.

"तुझ्याहून चांगलं कुठे असणार काकू? तुझं बेस्टच आहे."

"मग?"

साकेत बराच वेळ खुंट्यांकडे बघत होता. तिथे पिशव्या टांगलेल्या होत्या. "इथे सगळी सारखी असतात ना," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो टोमणे मारत नसे. तेही त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "तिकडेही सारखीच असतील. पण तिकडे तिचं कोणी नसेल, त्यामुळे तिला ते कळणार नाही."

तो गेल्यावर काकू भाऊंसमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, की मी काय कमी केलं होतं त्याला? जेवण, झोप, दूध, सगळं वेळेवर. भाऊंनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"अगं, सगळं केलंस. पण त्याला न्यायला रोज मी यायचो. तू कधी आलीस का?"

"मी आतच तर होते."

"तेच ना," भाऊ म्हणाले.

दिवाळीत काकूंनी पाळणाघर अमृताला देऊन टाकलं. चालतं, भरभराटीचं पाळणाघर असं कोणी सोडतं का, म्हणून लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. निरोपाला जुनी मुलं आली, क्षिप्रासुद्धा आली, आता तिच्याच कडेवर मूल होतं. सगळ्यांनी काकू, काकू म्हणून गळे काढले. आणि काकूंनी साकेतला फोन केला, की मी आता मोकळी आहे, मी तुझ्याकडे येऊन सांभाळते उर्वीला. एकटीला. साकेत ये म्हणाला. काकू रोज सकाळी कोपरहून घोडबंदरला जाऊ लागल्या आणि संध्याकाळी परत येऊ लागल्या.

रुचिता मनाची मोठी. तिने नवऱ्याला बजावलं, की आता आई म्हणायचं, मूल बापाचं ऐकून शिकतं. साकेतने मनापासून प्रयत्न केला. तेहतीस वर्षांचा बाप्या, ऑफिसात पंधरा माणसांवर साहेब, स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून तोंड उघडायचा, "आ" पर्यंत यायचा आणि पुढे "काकू, चहा घेणार का?" असं निघून जायचं. एकदा संबंध शब्द बाहेर पडला. पण तो इतका अवघडलेला होता, इतका पाहुण्यासारखा, की काकूच म्हणाल्या, "राहू दे रे. जीभ दुखेल."

उर्वीने ऐकायचं ते ऐकलं होतं. भिंतीला धरून उभी राहायला लागली, बाबा म्हणाली, आई म्हणाली, आणि एका दुपारी वरणभात भरवत असताना काकूंच्या गालाला भाताचा हात लावून स्वच्छ म्हणाली, "काकू."

काकूंनी पुढचा घास भरवला. मुलांना जेवताना अडवायचं नसतं.

त्यानंतर त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. आजी म्हण, आ-जी. पोरगी खळखळून हसायची आणि काकू म्हणायची, जणू काय त्यांना चिडवायचा हा एक नवा खेळ होता. तिला सांगणार तरी काय? तिचा बाप तिच्यासमोर रोज हेच म्हणत होता.

एका संध्याकाळी बेल वाजली. रुचिताला उशीर होणार होता. साकेत आला होता. काकू उर्वीला कडेवर घेऊन दाराशी गेल्या. कशा कोण जाणे, खुंटीवरची तिची फिरायला जायची छोटी पिशवीही त्यांनी काढून हातात घेतली होती. दार उघडलं.

"आज नीट जेवली," त्यांच्या तोंडून निघालं. "दुपारी मात्र झोपली नाही."

साकेतने पिशवी घेतली, लेकीला घेतलं. हे सगळं त्याच्याही अंगात मुरलेलं होतं. वाक्य पुरतं संपायच्या आत त्याने उत्तर दिलं. "बरं, बरं. चल उर्वी, काकूला टाटा कर."

मग दोघांनाही कळलं. साकेतने तोंड उघडलं, "आ" पर्यंत आला, आणि मिटलं. काकूंनी चपला पायांत सरकवल्या. खाली रिक्षा मिळते का बघते म्हणाल्या.

उर्वी हात हलवत होती. काकूंनीही हलवला, मूल दिसेनासं होईपर्यंत हलवायची त्यांची सवय होती तसा. पण मूल जागचं हलेना. ते आपल्या घरीच होतं. जायचं काकूंना होतं, आणि त्यांना न्यायला कोणी आलं नव्हतं.