आक्काचा पंक्तिप्रपंच

लोकांच्या लघवीच्या बाटल्या तपासणं हे माझं काम. हसा खुशाल. सासरीही सगळे हसायचे. माझी नणंद तर माझ्या हातचा चहा घ्यायच्या आधी विचारायची, "हात धुतलेस ना गं?" पण एक सांगते, माणूस तोंडाने खोटं बोलेल, बाटली बोलत नाही. आक्काची गोष्ट मला बाटलीमुळेच कळली. नाहीतर ती बाई जीव गेला असता तरी बोलली नसती.

आक्का आमच्या संशोधन संस्थेच्या स्वयंपाकघरात काम करायची. ठेंगणी, रुंद खांद्यांची, कोपरापर्यंत बाह्या वर केलेली. ती नक्की कुणाची आक्का हे कुणालाच माहीत नव्हतं, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला आक्काच म्हणायचे. तिचा एकच हट्ट होता. सगळ्यांना सारखं वाढायचं आणि आपण शेवटी जेवायचं. एकदा संचालकांनी ताट पुढे करत म्हटलं, "आक्का, मला जरा तळातलं घट्ट वाढा." ही म्हणाली, "मी तळापासून ढवळूनच वाढते, साहेब. सगळ्यांना येतं तेच तुम्हाला येईल." साहेब तेच जेवले.

अशा बाईच्या नशिबी आमच्या संस्थेतल्या डॉक्टरबाईंचा तो अभ्यास आला.

अभ्यास काय होता ते माझ्या भाषेत सांगते. शरीरात साखर वापरली जाते तेव्हा थोडा वाईट मालही तयार होतो. फार भाजलेल्या, तळलेल्या, गोड खाण्यातूनही तो येतो. त्याचं नाव मिथाइलग्लायॉक्साल. माझी जीभ दर वेळी अडखळते, म्हणून मी त्याला काजळी म्हणते. ही काजळी नसांना, डोळ्यांना, मूत्रपिंडांना चिकटते आणि हळूहळू त्यांची वाट लावते. मधुमेह असलेल्यांत ती जास्त साठते. आता कांदा, सफरचंदाची साल, चहाची पानं यांत फ्लॅव्होनॉइड नावाचे पदार्थ असतात. झाडं ते स्वतःसाठी बनवतात, आपण फुकटात खातो. हे पदार्थ काजळीला धरतात, तिला घट्ट जोडले जातात, मग ती कुणाला चिकटू शकत नाही. दोघं मिळून लघवीवाटे बाहेर. माझ्या यंत्रात ती जोडी दिसते. काचेच्या नळीत हे सगळं छान होतं. माणसाच्या शरीरात खरंच किती होतं, हे डॉक्टरबाईंना बघायचं होतं. म्हणून लगेच औषधं फेकून कांदे खात सुटू नका, हे त्या प्रत्येकाला दोनदा बजावायच्या.

बघायचं कसं? जेवणाच्या खोलीत दोन टेबलं मांडली. एका टेबलाला कांदा, सालासकट सफरचंद, चहा. दुसऱ्याला सोललेला बटाटा, भात, पांढरा पाव, दूध आणि बटाट्याचं पाणचट सूप. अभ्यासासाठी आपणहून आलेल्या लोकांतलं कोण कुठे बसणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलं.

आक्काने हे ऐकलं आणि हातातला झारा खाली ठेवला. "म्हणजे पंक्तिप्रपंच करायचा? एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाला चांगलं आणि एकाला फिकं? माझ्या हातांनी?"

"फरक असल्याशिवाय फरक कळणार कसा, आक्का?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तुमचं शास्त्र तुमच्यापाशी," आक्का पुटपुटली, पण तयार झाली. डॉक्टरबाईंच्या शब्दाला ती मान द्यायची.

फिक्या टेबलाच्या टोकाला मास्तर बसायचे. मास्तर म्हणजे म्हातारे शिंपी. दुकान बंद झालेलं, बायको गेलेली, मुलगा दूर. बायकोला मधुमेह होता. आधी डोळे गेले, मग पाय, मग ती. पहिल्या दिवशी बाटली देताना मला म्हणाले, "बाई, आता माझ्या हातून सुईत दोरा जात नाही. पण लघवी तर होते ना? ती तरी कुणाच्या कामी येऊ दे. तिच्या वेळी कुणाला काही करता आलं नाही." मी बाटलीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

आता नियम असा होता की वाढलेलं सगळं संपवायचं. जो सारखा टाकेल त्याचं नाव कमी. आणि मास्तरांची ताटं अर्धी परत येऊ लागली. फिका भात त्यांच्या घशाखाली उतरेना. शेजारच्या टेबलावर परतलेल्या कांद्याचा वास घमघमतोय आणि हा माणूस पाण्याच्या घोटाबरोबर बटाटा गिळतोय. आक्का खिडकीतून बघत राहायची. डॉक्टरबाईंनी सांगितलं, अजून चार दिवस बघू, नाहीतर मास्तरांना थांबवावं लागेल.

आणि दुसऱ्याच दिवसापासून मास्तरांचं ताट लख्ख होऊन परत येऊ लागलं. आम्ही म्हटलं, चला, सुटलो.

कुठले सुटतोय! पुढच्या बाटल्या यंत्रात घातल्या आणि मास्तरांच्या बाटलीत जोडी. फिक्या टेबलावरच्या माणसाच्या बाटलीत! मी यंत्राला शिव्या घातल्या, पुन्हा तपासलं. पुन्हा जोडी. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले.

"आक्का, मास्तरांना काय घातलंस?"

ती भांडं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "कांद्याचे वरचे पापुद्रे उकळून त्यांचं पाणी गाळलं. त्यांच्या सुपात. थोडंसंच गं. चव येण्यापुरतं."

"अगं बाई!"

"मी काय विष घातलं का?"

"विष नाही, कांदा घातलास. इथे तेच विष! आणि काय गं, पंक्तिप्रपंच नको म्हणून घर डोक्यावर घेतलं होतंस ना? मग एकट्यालाच का?"

"तो एकटाच उपाशी उठत होता," आक्का म्हणाली. मी आणखी मोठ्याने ओरडले.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिल्या. मास्तरांच्या सगळ्या बाटल्या बाद. आता हे त्यांना सांगायचं कुणी? आक्का म्हणाली, "मी निस्तरते. घाण मी केलीय."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "मला चव कळली होती," ते म्हणाले. "वाटलं, डॉक्टरबाईंनीच बदल सांगितला असेल." मग बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिले, कापडावरची सुरकुती काढावी तसे. "म्हणजे माझं काहीच धरणार नाहीत? एकही नाही?"

आक्काला रडू फुटलं. एवढी खमकी बाई, पण हुंदके आवरेनात. "मास्तर, भरवायला गेले आणि तुमच्या तोंडचा घासच काढून घेतला हो मी. मारा मला."

"मारू कशाला? तुम्ही जेवू घातलंत," मास्तर म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता तो पडलाच. आता या माणसाकडे देण्यासारखं काही उरलं नाही, हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

डॉक्टरबाईंनी एकच वाट सांगितली. बाकीच्यांचं संपलं की मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. तेच फिकं, तेवढेच आठवडे, एकट्यानेच. आणि स्वयंपाकाला दुसरं कुणी ठेवायचं. मास्तर म्हणाले, "करतो. पण वाढायला आक्काच हव्यात. त्या आता चुकणार नाहीत." डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाटली माझ्या हातात आहे. काही घातलं तर मला कळेल."

एवढ्या मोठ्या खोलीत एक टेबल आणि एक म्हातारा. पहिल्या दिवशी आक्काने वाढलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. मास्तरांनी दोन घास खाल्ले, तिसरा हातातच. दुसऱ्या दिवशी ती दोन ताटं घेऊन आली. दोन्हींत तोच भात, तोच बटाटा. त्यांच्या समोर बसली आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या त्या बाईने पहिला घास घेतला.

"तुम्ही कशाला, आक्का?" मास्तर गडबडले.

"एकट्याला फिकं वाढलं तर पंक्तिप्रपंच. दोघांनी खाल्लं की पंगत. जेवा."

तेव्हापासून रोज दोघं समोरासमोर. आक्काने चहासुद्धा सोडला! त्या दिवसांत तिचं डोकं असं चढायचं की आम्ही लांबूनच रामराम करायचो. मीठ कमी झालं म्हणून स्वतःवरच चिडायची. घास उतरेना की मास्तरांना बोलतं करायची. कापड कुठलं चांगलं, काज कसं करायचं, बायकोला पहिल्यांदा काय शिवून दिलं. मास्तर सांगायच्या नादात जेवून जायचे. "बाही एकीकडून आखूड झाली होती," ते एकदा म्हणाले, "तरी ती तेच घालायची." आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग मास्तरांना खोकला झाला. चेहरा ओढला, अन्न जाईना. त्या दुपारी मी काही कामाने स्वयंपाकघरात गेले तर आक्का कांद्याच्या टोपलीपाशी उभी. हात टोपलीत. मी दारातच थांबले. म्हटलं, आता बोलू नये, बघू. तिने हात बाहेर काढला, दोन्ही हात साबण लावून धुतले आणि ताट घेऊन बाहेर गेली. मला तिचा आवाज ऐकू आला, "मास्तर, दोन घास. माझ्यासाठी. तुमच्या पाया पडते."

ते जेवले. कसेबसे, पण जेवले.

शेवटच्या दिवशीची बाटली मी यंत्रात घातली आणि समोरच बसून राहिले. कागदावर रेष पुढे सरकत गेली. जिथे जोडी दिसते तिथे काहीच नाही. सपाट. मी इतकी वर्षं हे काम करतेय, पण काहीही न सापडलेला कागद हातात घेऊन रडत जिना उतरणारी मी पहिलीच असेन.

दोघं टेबलापाशीच होते. आक्का उठली. "काय आहे त्यात?"

"काही नाही, आक्का. एक कणही नाही."

ती खाली बसली. "आयुष्यभर वाढत आले गं," ती म्हणाली, "पण समोरच्या भुकेल्याला न वाढणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं."

मास्तर माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. हळूच म्हणाले, "मग या वेळी माझं धरलं?"

मी मान डोलावली.

"धरलं, मास्तर," आक्का म्हणाली. "सगळं धरलं."