बुजगावण्याच्या मापाची पैरण

बारामतीच्या पेठेत बायकांसाठी शिवणवर्ग निघाला, तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच आले होते. माहेर माझं निमगाव केतकीचं. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आकडे मला आले ते वर्गातल्या टेपवरच. अजूनही मोजताना साठाशी मी जरा अडखळते, कारण टेप तिथंच संपायची.

वर्गात पायाच्या दोन मिशनी आणि शिकवायला पुण्याच्या एक बाई. मिशन चालायला लागली की मला भूक लागल्याचंही कळायचं नाही. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, मात्र हे पटत नव्हतं. मळा गावाला लागूनच, तिथं काम पडलेलं असताना सून पेठेत पाय हलवत बसते, हे शिक्षण कसलं? शेवटी त्यांनी अट घातली.

"मामंजींना एक पैरण शिवून दाखीव. नीट बसली तर खुशाल जा वर्गाला. न्हायतर उद्यापासनं भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या."

"कशी शिवू?" मी विचारलं.

"ह्यांच्या लग्नातल्या पैरणीवानी. तशी पुन्हा कुठल्या शिंप्याला जमलीच न्हाय बघ."

आता माप कसं घ्यायचं? सुनेनं सासऱ्याच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, तिथं छातीला टेप कुठली लावणार! आमच्या ह्यांना टेप देऊन पाठवलं, तर मामंजी ओट्यावरूनच कडाडले, "मी काय बाजारातला बैल हाय व्हय? आपला शिंपी नुसतं बघून शिवतो!" हे आल्या पावली परत. वडिलांपुढं ह्यांची उंची नेहमीच चार बोटं कमी व्हायची.

ती लग्नातली पैरण बरीच वर्षं पेटीत जपलेली. मग उंदरांनी तिचा खालचा घेर खाल्ला, तेव्हा आत्याबाईंनी ती ज्वारीतल्या बुजगावण्याला घातली. मी म्हटलं, झालं की काम! मळ्यात गेले आणि बुजगावण्याची छाती, बाही, गळा, सगळं मोजून घेतलं. बिचारं हू की चू न करता उभं राहिलं. सासरच्या पुरुषांत ज्याच्यापुढं पदर न सावरता उभं राहता आलं, असा हा पहिलाच.

कापड कापायच्या आधी बाईंनी विचारलं, "माप घेतलंस ना?"

"घेतलं," म्हटलं. कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.

पैरण झाली सुरेख. शिवण म्हणजे मुंग्यांची रांग. मामंजींनी देवाला हात जोडले आणि ती डोक्यातून घातली. हात वर गेले, डोकं आत गेलं, आणि पैरण खांद्याशी जी अडली ती खाली येईना. कालव्याचं पाणी येऊन मळ्यात ऊस लागल्यापासून घरात गुळाला तोटा नव्हता, आणि तो सगळा गूळ मामंजींच्या अंगावर जमा झालेला. हे बुजगावण्याला कुठलं ठाऊक?

"अगं, ओढ की!" आतून मामंजींचा आवाज.

"कुठनं ओढू? वर का खाली?" आत्याबाई म्हणाल्या.

"कुठनं बी ओढ, पन मला भाईर काढ!"

मी दाराआड. माझ्या डोळ्यांपुढं नुसता शेंगांचा ढीग. एका बाजूनं आत्याबाई, दुसऱ्या बाजूनं हे, असं ओढून मामंजी एकदाचे सुटले ते लालबुंद होऊनच.

"कुणाच्या मापाची शिवली ही?"

"लग्नातल्या पैरणीच्या," मी दाराआडूनच सांगितलं. "मळ्यात जाऊन मोजली. बुजगावण्यावर."

आत्याबाईंनी पैरण उंच धरली. एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा मामंजींकडं, आणि ज्या हसत सुटल्या त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"आवं, पोरीनं मी सांगितली तश्शीच शिवलीया! एवढेच होता की तुमी. कवा वाढला, ते माझ्याच ध्येनात आलं न्हाय."

"मी न्हाय वाढलो. कापड आटलं."

"कोरं कापड? पाण्यात न घालताच?"

आत्याबाईंनी डोळे पुसले आणि दाराकडं बघून म्हणाल्या, "जा ग पोरी उद्या वर्गाला. ही पैरण तुझीच, आता तूच नीट कर. पन आदी दोघं मिळून ह्यांचं माप घ्या."

मग मामंजी अंगणात हात पसरून उभे राहिले, अगदी ज्वारीतल्यासारखे. टेप ह्यांच्या हातात, कान माझे. पोटाशी आल्यावर ह्यांनी आकडा सांगितला, तसे मामंजी म्हणाले, "जरा हळू बोल की. पेठंत कळवतो का?"

बाईंनी मला पैरण उसवून दोन्ही बाजूंनी पट्ट्या घालायला शिकवलं. पांढरं कापड उरलं नव्हतं, म्हणून आत्याबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा दिला, हिरवागार. पैरण छान बसली. ती घालून मामंजी बाजाराला गेले, पण काखेतलं हिरवं दिसू नये म्हणून हात काही वर करीनात. कुणी लांबून रामराम घातला तर नुसती मान हलवायची. लोक म्हणायला लागले, कालव्याचं पाणी आलं आणि गड्याला ताठा चढला.