मोठ्या सरांची सुटी

डॉक्टरांचे किस्से म्हणे ओपीडी संपल्यावर जमतात. आमची ओपीडी संपतच नाही, त्यामुळे माझे सगळे किस्से रांग बघता बघता जमलेले!

सौंसरजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर तीन: मोठे सर, पराग आणि मी. मला एकच गोष्ट हवी होती, प्रत्येकाला आठवड्यातून एक पूर्ण सुटी. थकलेल्या डॉक्टरच्या हातून डोस चुकतो आणि भोगतो पेशंट. मी तसा चार्ट करून सरांपुढे ठेवला.

सर म्हणाले, "बत्तीस वर्षांत मी एकच सुटी घेतली, पोरी. लग्नाची."

पूर्ण दिवस का, असं मी विचारलं.

"मंगलाष्टकांपर्यंत."

*

परागने दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारण प्रामाणिकपणे लिहिलं: थकलो आहे. अर्ज परत आला, मेडिकल सर्टिफिकेट जोडा म्हणून. मी त्याला तपासून सर्टिफिकेट दिलं. तेही परत! सरांचं म्हणणं, तुम्ही एकमेकांनाच सर्टिफिकेटं वाटून राहिले, बाहेरच्या डॉक्टरचं आणा.

ते आणायला जायचं तर परागला सुटी हवी होती.

*

मग वरून आदेश आला. डॉक्टरांसाठी तणावमुक्तीचं प्रशिक्षण, पांढुर्ण्याला, हजेरी सक्तीची. रविवारी!

तिथल्या तज्ज्ञांनी दोन तास एकच सांगितलं, डॉक्टरांनी 'नाही' म्हणायला शिकलं पाहिजे. जेवताना ते माझ्या शेजारी बसले आणि पिशवीतून स्वतःचा शुगरचा रिपोर्ट काढला. जरा पाहता का मॅडम, म्हणाले.

मी म्हटलं, "नाही."

ते अजून नाराज आहेत.

*

आणि हा किस्सा बाजाराच्या दिवसाचा. सरांच्या खोलीबाहेरची रांग बराच वेळ हलेना, म्हणून मी तणतणत आत शिरले. बोरगावच्या एक आजी स्टुलावर ताठ बसलेल्या. त्यांच्या पाठीवर सरांचा स्टेथोस्कोप, आणि त्याच पाठीला कपाळ टेकून सर गाढ झोपलेले. मी आधी सरांची नाडी पाहिली. ठीक होती.

आजी कुजबुजल्या, "हळू वं माय. आत्ताच डोळा लागला त्याचा."

रांगेत एकाचीही कुरकुर नव्हती. कुणीतरी पंखा सरांकडे वळवून ठेवला होता.

सर दचकून जागे झाले आणि सवयीने म्हणाले, लांब श्वास घ्या. आजी पदर सावरत उठल्या.

"तू घरी जाय बाबू. आम्ही उद्या येतो."

"अन् तुमचा दमा?"

"दमा तं कालही होता. जाय."

ज्यांना थांबणं शक्य नव्हतं ते परागच्या खोलीकडे वळले. बाकीची रांग निमूट निघून गेली. सर रिकाम्या बाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी मला हळूच विचारलं,

"सुटीत करतेत काय, पोरी?"