न उगवलेला घट

दसऱ्यानंतर फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, यंदा देव्हाऱ्यात घट का नव्हता?" मी म्हणाले, गावाला गेले होते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं उत्तरही नव्हतं. तेव्हापासून हे लिहून ठेवायचं मनात आहे. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला, कारण जे घडलं ते मला क्रमाने सांगता येतं, पण त्याचा अर्थ लावायला गेले की गोंधळ होतो. आता अर्थाचा नाद सोडून नुसतं घडलेलं सांगते.

तुमचे आजोबा गेल्यापासून या चार वर्षांत माझी पूजा एक दिवसही चुकली नाही. फुलं, निरांजन, स्तोत्र, सगळं वेळेवर. फक्त त्यात मी नसायचे. हात जोडले की काय मागावं ते सुचायचं नाही, आणि काही मागायचं नाही असं म्हणावं तर मन तेवढं मोठंही नव्हतं. देवी ऐकते की नाही, हा प्रश्न मी कुणाला विचारू शकत नव्हते. आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगितलेली. त्या घरच्या बाईने सत्तरीत असं विचारायचं म्हणजे लाजच.

त्या सुमारास ओळखीच्या एका बाईंनी पिशोरच्या पुढच्या एका वस्तीबद्दल सांगितलं. नऊ घरं, प्रत्येकाची लहान लहान रानं. शहरातली रिकामी माणसं तिथे जाऊन राहतात, शेतात पडेल ते काम करतात, आणि घरचं जेवतात. मी पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले आणि दोन महिने राहिले. वस्तीत आज एकाच्या रानात सगळे, उद्या दुसऱ्याच्या, असं चालतं. त्याला ते सावड म्हणतात. ज्वारी घरची, डाळ घरची, तेलसुद्धा घरच्या करडईचं. बाजारातून यायचा तो चहा, साखर आणि मीठ. मी आद्रकीला माती लावायला शिकले, मिरच्या तोडायला शिकले. कमरेने तक्रार केली, पण झोप लागू लागली.

माझी सोय कौसाबाईंच्या घरी होती. त्या माझ्याच वयाच्या. आवाज असा की शेजारच्या रानातले बैल वळून बघावेत. मला त्या "म्याडमबाई" म्हणत. त्यांची सून रेखा, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेली, अबोल, कामाला वाघीण. अख्ख्या वस्तीचं रब्बीच्या ज्वारीचं बी कौसाबाईंच्या घरात असायचं. त्यांच्या सासूच्या हातात होतं, मग त्यांच्या हातात आलं. कुणी घरात वेगळं बी ठेवत नसे. ठेवलं तर तो कौसाबाईंवर अविश्वास झाला असता.

ते बी आहे एवढं माहीत होतं, बाकी सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच की चुलीच्या वर आढ्याला कणसांच्या जुड्या टांगल्या आहेत, काजळीने काळ्या झालेल्या, त्यांच्यावर जळमटं.

तुमच्या आजीला तुम्ही ओळखता. छावणीतल्या इंग्रजी शाळेत शिकले, पुढे तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक लावले. ज्या वस्तूवर धूळ आहे आणि चिठ्ठी नाही ती मला स्वस्थ बसू देत नाही. नवरात्राआधी घरोघरी धुणं-सारवण चाललं होतं. कौसाबाई तीन दिवस भावाकडे गेल्या होत्या. मला वाटलं, त्या यायच्या आत त्यांना सुखद धक्का द्यावा. जुड्या उतरवल्या, चांगल्या कढत पाण्यात घालून काजळी चोळून काढली, आणि गोठ्याच्या पत्र्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवल्या. मग झोडल्या, पाखडल्या, मोत्यांसारखे दाणे डब्यात भरले आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली: "ज्वारी (बियाणे)". रेखा येता-जाता बघत होती. एकदा ती पत्र्याखाली थांबली, वर पाहिलं, आणि काही न बोलता पाण्याला गेली.

कौसाबाई परतल्या. डबा उघडून म्हणाल्या, "लई बेस केलं, म्याडमबाई. आवंदा झोडायचं काम वाचलं." धुतल्याचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लपवावं म्हणून नव्हे. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही.

पेरणी घटस्थापनेच्या आधी उरकायची असं ठरलं होतं. पण पेरणीच्या आदल्या दिवशी पाऊस आला आणि चार दिवस हलला नाही. जमिनीला वाफसा येईना, म्हणजे पेरण्याजोगी ओल होईना, नुसता चिखल. पुरुषमंडळी आभाळाला शिव्या देत ओट्यावर बसून राहिली. मीसुद्धा मनात देवीला म्हणाले, यांनी तुझं काय बिघडवलं गं?

त्या वस्तीची एक रीत आहे. तिथे घटात सात धान्यं घालत नाहीत. जे रानात पेरायचं तेच घटात. वस्तीच्या टेकाडावर देवीचं छोटं ठाणं आहे. चार दगडी खांब, वर पत्रा, आत शेंदराची मूर्ती. तिथे एकच घट बसतो, सगळ्यांचा. यंदा घट मांडायचा मान रेखाला होता. तिने काळी माती चाळून घेतली, माझ्या डब्यातले दाणे पेरले, पाणी शिंपडलं.

दुसऱ्या माळेला काही दिसलं नाही. तिसऱ्या माळेलाही नाही. चौथ्या माळेला बायका माती बोटाने उकरून बघू लागल्या. दाणे फुगून मऊ पडले होते, त्यांच्यावर पांढरी बुरशी. कुजबुज सुरू झाली.

"हात कुणाचा लागलाय बघा आधी."

"आंघोळ केली व्हती का गं नीट?"

"दीड वरीस झालं, तिची कूस तरी कुठं उजवली? मग घट कसा उगवंल?"

हे शेवटचं बोलणाऱ्या बाईला मी आजही क्षमा केलेली नाही. देवीने केली असेल. कौसाबाई एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हेत, पण त्या दिवशी त्यांनी सुनेची बाजू घेतली नाही. घट न उगवणं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. वाफसा दोन दिवसांवर आला होता आणि पेरावं की थांबावं, हे कुणालाच सुचत नव्हतं. "आईचा कोप झाला," एवढंच जो तो म्हणत होता. रेखाला माहेरी पाठवून द्यावं, अशी भाषा घरात निघाली.

आणि मी? मी हळहळत होते. अगदी खरं सांगते, मुलांनो, तोपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मी रेखाच्या पाठीवरून हात फिरवला, अंधश्रद्धेबद्दल मनातल्या मनात इंग्रजीत चार वाक्यं बोलले, आणि स्वतःला शहाणी समजले.

पाचव्या माळेला ऊन पडलं. दुपारी गोठ्याच्या पत्र्यावर मिरच्या पसरायच्या होत्या. मी शिडीवरून वर गेले आणि घाईत अनवाणी पाय पत्र्यावर ठेवला. चटका असा बसला की मी ओरडून खाली आले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून तळपायाला पाणी लावत होते, आणि एकाएकी मला आठवलं. याच पत्र्यावर मी ते बी दोन दिवस ठेवलं होतं. कढत पाण्यातून काढून.

रेखा विहिरीवर होती. मी लंगडत गेले. विचारलं, "तू बघितलं होतंस ना? मी कणसं धुतली ते?"

ती पोहरा सोडत राहिली. "व्हय."

"बी मेलं, हे तुला कधी कळलं?"

"तवाच शंका आली व्हती. बियाला आमच्यात पाणी दावत न्हाईत. धुरातच ऱ्हातं ते."

"मग बोलली का नाहीस? तुला एवढं बोलताहेत सगळे!"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पयल्यांदा वाटलं, तुम्ही शिकल्याल्या, तुमाला ठावं असंल. मग घट उगावला न्हाई. तवा तुमचं नाव कसं घ्यावं? पाव्हण्या तुम्ही. आमच्या घरी जेवता."

मी तिथून थेट टेकाडावर गेले. ठाण्यात कुणी नव्हतं. घटातली माती तशीच काळी. मी मूर्तीसमोर उभी राहिले आणि मला एकही स्तोत्र आठवेना. चार वर्षांत जे सुचलं नव्हतं ते तेव्हा आपोआप तोंडातून निघालं: "आई, मला सांगायला धीर दे." मागणं एवढंच. पुढचं काय होईल, बी कुठून येईल, वस्ती काय खाईल, यातलं काही मागायला माझ्याकडे तोंड नव्हतं. ते सगळं तिच्या पायाशी तसंच टाकून मी बसून राहिले.

संध्याकाळच्या आरतीला सगळी नऊ घरं जमली. आरती संपली तशी मी पुढे होऊन सांगितलं. कणसं, कढत पाणी, पत्रा, सगळं. रेखाला हे माहीत होतं आणि तिने माझ्यासाठी बोलणी खाल्ली, हेही. मग कौसाबाई म्हणाल्या, "ज्वारीला न्हाऊ घातलं, म्याडमबाई. पावडर-टिकली तेवढी राहिली." मागून कुणीतरी हसलं, पण कौसाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, सगळ्यांदेखत रेखाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिला जवळ ओढलं. माझ्याकडे न बघता घरी गेल्या. मी त्या दिवशी जेवले नाही. कुणी आग्रहही केला नाही.

सकाळी मी पिशवी भरली. पिशोरहून शहराची गाडी धरायची असं ठरवून वाटेला लागले. टेकाडाखाली एक बाई बसली होती. साठीची असावी, शेजारी धोतराच्या फडक्यात बांधलेलं भलं मोठं गाठोडं. तिने विचारलं, "बाई, देवीचं ठाणं हेच का?" मी हो म्हणाले. ती फुलंब्रीकडची. या वस्तीत ती जन्मात प्रथमच येत होती. तिची सासू इथली माहेरवाशीण. यंदा उन्हाळ्यात वारली. "मरताना म्हन्ली, मह्या मायनं लग्नात वटीत कणसं घातली व्हती, ती म्या जलमभर पेरली. आता माह्या माघारी आईची वटी त्याच कणसांनी भर. अष्टमीला येणार व्हते, पर त्या दिशी आमच्याकडं जीप न्हाई. म्हून आजच आले."

तिने गाठोड्याची गाठ सैल केली. आत काळी कणसं होती. धुराच्या वासाची.

मला पुढचं नीटसं आठवत नाही. मी ओरडत वस्तीत परत गेले एवढं खरं. कौसाबाई आल्या, एक कणीस हातात घेतलं, दाणा दाताखाली फोडला, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "आमचंच हाय," त्या म्हणाल्या. "सासूबाई सांगायच्या, लेकीला वटीत बी द्यावं. म्या म्हनायचे, द्यायचं तर लुगडं द्यावं."

सगळं गोड झालं असं समजू नका. ते बी दीड एकरापुरतं होतं. नऊ घरांनी मिळून ते एकाच रानात पेरलं, पुढच्या वर्षी सगळ्यांना पुरावं म्हणून. बाकीच्या रानांत हरभरा गेला, आणि यंदा वस्तीला भाकरीची ज्वारी विकत आणावी लागणार आहे. ते माझ्यामुळे. घटही पुन्हा पेरला नाही. तशी रीत नाही. दसऱ्यापर्यंत तो काळाच राहिला.

पेरणीला पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे जिथून बी सोडतात तिथे, मूठ कुणी धरायची, हे कौसाबाईंनी ठरवलं. त्यांनी रेखाला पुढे केलं. जी बाई तिला वाईट बोलली होती तिनेच बैलांना ओवाळलं. मग कौसाबाई माझ्याकडे वळल्या. "आन् तुम्ही कुठं निघाल्या हो? मागं चाला. उघडं पडल्यालं बी मातीनं झाका. चिठ्ठी मात्र लावू नका." मी भाजलेल्या पायाला फडकं बांधून पाभरीने पाडलेल्या तासामागून चालले.

आता माझा गोंधळ ऐका. देवीची कृपा नेमकी कुठली? ती बाई आली ती? की त्याआधी पाऊस आला तो, ज्याला आम्ही शिव्या घातल्या? तो आला नसता तर मेलेलं बी नऊच्या नऊ रानांत गेलं असतं. की घट उगवला नाही ती? ज्याला सगळे कोप म्हणाले, त्यानेच आम्हाला वेळेवर थांबवलं. की माझा पाय भाजला ती? मी हे क्रमाने मांडून पाहिलं, पण क्रमांक लागत नाही. आणि रेखाने जे दोन दिवस सोसलं, ते कुठल्या खणात ठेवू? ते मला अजून कळलेलं नाही. मी एवढंच म्हणू शकते की जिथे मी सगळं नीट करायला गेले तिथे बिघडलं, आणि जिथे हात टेकले तिथे कुणीतरी हात पुढे केला. आता देव्हाऱ्यासमोर बसते तेव्हा मागणं सुचलं नाही तर घाबरत नाही. बसून राहते. धन्यवाद म्हणते, कशाबद्दल ते पुरतं न कळताच.

निघताना कौसाबाईंनी माझी ओटी भरली. तांदूळ, खण, आणि त्या गाठोड्यातलं एक काळं कणीस. ते मी स्वयंपाकघरात गॅसच्या वर टांगलं आहे. गॅसला धूर नाही, तेव्हा त्याचा उपयोग शून्य, हे मला ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही याल, ते तुम्हाला दिसेल, आणि आजीच्या घरात असं जळमट कसं, म्हणून तुम्ही फडकं आणाल. बाळांनो, त्याला हात लावू नका. तसंच राहू द्या.