मांजराला विटाळ नाही

आमच्या नातसुनेने परवा मला विचारलं, "आजी, मांजरापासून माणसाला रोग होतात का हो?" पाळण्यात तिचं बाळ आणि खिडकीत शेजारचा बोका, म्हणून हा प्रश्न.

मी म्हटलं, "होतात की. मला झाला होता. सासूबाईंनाही झाला होता."

ती जी उठली ती खिडकी लावून आली. मग तिला सगळं सांगावं लागलं. सांगता सांगता मलाच त्या पंधरा वर्षांच्या बयेचं इतकं हसू यायला लागलं की म्हटलं, लिहूनच काढावं.

ती बया म्हणजे मी. मराठी पाचवी झालेली, आणि ऐट मात्र बॅरिस्टर होऊन आल्याची. लग्नानंतर आंबीहून लोणावळ्याला नांदायला निघाले तेव्हा आईने दिलेल्या लोणच्याच्या बरण्या भावाच्या मांडीवर दिल्या आणि रिकाम्या करंडीत मांजर घातलं. तळेगावला गाडीत बसलो. मनी करंडीत ओरडली की मी जोरात खोकायची. देहूरोडकडून बसून आलेल्या समोरच्या बाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग मुलांना घेऊन पार पलीकडच्या बाकावर गेल्या. भाऊ म्हणाला, "अगं, क्षय झालाय असं वाटतंय त्यांना." मी म्हटलं, "वाटू दे. जागा झाली ना ऐसपैस?" अशी मी शहाणी.

सासरे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. सासूबाईंचं सोवळं इतकं कडक की दूधवाल्या मावशींनी दूध हातभर उंचावरून ओतायचं आणि मी अंघोळीशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सावलीसुद्धा टाकायची नाही. मांजर बघून आता काय रामायण होतंय, म्हणून मी डोळे मिटून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. कोठीत उंदीर फार झालेत. आणि मांजराला विटाळ नसतो."

झालं! मी अंघोळ करून, ओलेत्याने, अंग चोरून आत जायची. आणि मनी उंदीर खाऊन, मिशा चाटत, थेट देवघरापर्यंत. घरात माझ्याआधी तिला मान मिळाला. मला त्याचाही अभिमानच. माहेरचं माणूस वर चढलं म्हणून.

लोणावळ्याच्या आषाढ-श्रावणात कपडा वाळत नाही. वलणीवर टाकलेलं लुगडं चार दिवसांनी काढलं तरी हाताला गार लागतं, आणि ओलसर वासाने डोकं उठतं. म्हणून पावसाळ्यात सोवळ्याला धाबळी. धाबळी म्हणजे नेसायचं लोकरीचं वस्त्र. लोकरीलाही विटाळ नाही, त्यामुळे ती रोज धुवायची गरज नाही. घरात एकच होती. जी स्वयंपाक करील तिने ती नेसायची आणि काम झालं की देवघराशेजारच्या फळीवर घडी करून ठेवायची. बाकी कुणी बोट लावायचं नाही. त्या ओल्या घरात ऊबदार जागा काय ती तेवढीच. विटाळ नसलेली मनी विटाळ नसलेल्या धाबळीवर दिवसभर घोरायची, आणि ते बघून सासूबाई म्हणायच्या, "बघ, मुक्या जनावराला कळतं शुद्ध काय ते."

श्रावणात माझ्या कोपराखाली एक गोल चट्टा उठला. कडेने लाल, मधे पांढरट, आणि खाज अशी की पोळी लाटता लाटता हात आपोआप भिंतीकडे जायचा. नायटा हे मला कळत होतं. पण सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "पळीचा चटका बसला."

असं का म्हटलं, त्यालाही कारण होतं. आदल्याच दिवशी दूधवाल्या मावशी दारात सांगत होत्या, "वैनी, मांजर लय वंगाळ जनावर. त्याचा क्यास पोटात ग्येला की मानूस वाळतंय. माज्या जावंच्या भावाला तसंच झालतं."

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय, मेला त्यो."

"मांजरामुळे?"

"न्हाई वो, ताडी पिऊन. पर घरात मांजर व्हतं की!"

मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या मांजरापायी घरात काही आलं ना, तर त्याच दिवशी मालगाडीत बसवून घाटाखाली धाडीन." मालधक्का घरचाच, बोलल्या तर करतील. सासरी मला माहेरच्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. त्या नावाचा उच्चार मी रोज मनीच्या कानात करायची, म्हणजे ते विसरायला नको. ती गेली असती तर मग कुणाच्या कानात सांगणार होते? म्हणून चटका.

सासूबाई मायाळू निघाल्या. भाजल्यावर तूप, म्हणून स्वतः बोटाने तूप लावलं. तुपाचा वास येताच मनी मांडीवर आली आणि तिने माझा हात कोपरापर्यंत चाटून लख्ख केला. दुसऱ्या दिवशी परत तूप, परत मनी. नायट्याचं बाळंतपणच चाललं होतं म्हणा ना! आठवडाभरात मनगटावर एक, मानेवर एक.

"पळी मानेला कशी लागली गं?" सासूबाईंनी विचारलं.

"वाकले होते."

एवढं हुशार उत्तर देऊन वर मी सुस्कारा टाकला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, याचं मला नवल वाटायला हवं होतं. त्याही हल्ली दाराआड जाऊन कंबर चोळतात, हे दिसत होतं. पण शहाण्या माणसाला बाकीचे खाजवताना दिसत नाहीत.

शेवटी सासऱ्यांनीच ओळखीचे डॉक्टर चहाला बोलावले. त्यांनी माझा हात खिडकीपाशी नेला आणि विचारलं, "घरात मांजर आहे?"

"नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात मनी आली आणि त्यांच्या पाटलोणीला अंग घासू लागली. त्यांनी तिला उचलून कानामागचे केस फुंकरीने बाजूला केले. तिथे आणेलीच्या नाण्याएवढं गोल टक्कल.

"हा तुमचा मूळपुरुष," डॉक्टर म्हणाले.

सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "असं कसं होईल? मांजराला विटाळ नसतो, शास्त्रच आहे."

"विटाळ नसेल हो वहिनी. नायटा असतो. हे झोपतं कुठे?"

उत्तर मनीनेच दिलं म्हणायचं. डॉक्टरांच्या हातातून सुटून ती स्वयंपाकघरात गेली, फळीवर चढली आणि धाबळीवर मुटकुळं करून बसली.

डॉक्टरांनी मलम लिहून दिलं, धाबळी उकळायला सांगितली, आणि क्षयाला, दम्याला, वाळत जाण्याला मांजराचा केस कारण नाही असंही सांगितलं. मांजरापासून झाला तो नायटा तेवढा, आणि तोही मलमाने बरा होणारा. पण सासऱ्यांच्या कानात शिरलं ते 'हा तुमचा मूळपुरुष' एवढंच. डॉक्टर जाताच ते म्हणाले, "सकाळच्या मालगाडीत टोपली ठेवून देतो. ब्याद नको."

मी मनीला पोटाशी धरून कोपऱ्यात बसले आणि मोठ्याने रडले. खरं तर मला बाणेदार काहीतरी बोलायचं होतं. आदल्या रात्रीपासून मनात भाषण तयार होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "मलापण टोपलीत ठेवा."

"तू बसशील का टोपलीत?" सासूबाई म्हणाल्या. मग सासऱ्यांकडे वळल्या. "अहो, नायटा झाला की घराबाहेर काढायचं, असंच ना? मग आधी मला काढा."

"तुला कुठे झालाय?"

"जिथे झालाय तिथे झालाय. दोन महिने झाले. सुनेला सांगायची लाज वाटली, म्हणून बसले गप्प. मांजराने दिला तर धाबळीने वाटला, आणि धाबळी घडी करून ठेवली मी."

सासरे टोपी घेऊन धक्क्यावर निघून गेले. मालगाडीही गेली, टोपलीशिवाय.

दुसऱ्या दिवशी परसात तपेलं चढलं. धाबळी काठीने ढवळत इतकी उकळली की बाहेर काढली तेव्हा ती बाहुलीला नेसवायची झाली होती. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसायला लागल्या की त्यांना चुलीपासून ओढून बाजूला घ्यावं लागलं. मनीची रवानगी ओसरीवर झाली. मलम लावलं की ती चाटायची, म्हणून सासूबाईंनी जुन्या अभ्र्याचं तिला अंगडं शिवलं. मी पाय धरायची, त्या मलम लावायच्या, आणि मनी दोघींनाही ओरबाडायची. अंगडं घातल्यावर ती मागे मागे चालायची आणि जात्याला जाऊन धडकायची.

पावसाने उघडीप दिली तशा शेजारच्या बायका ते ध्यान बघायला येऊ लागल्या. एकीने विचारलं, "कुणाची हो ही?"

"आमचीच," सासूबाई म्हणाल्या, आणि मलमाचं बोट माझ्या मानेला पुसलं. "आंबीहून दोघी आल्यात. जरा खाजवतात, पण गुणाच्या आहेत."