कुठले बेनेट?

वेलची घातलेल्या कडक चहाचा वास आला की मला कतारमधल्या अल वक्र्यातलं आमचं साइट ऑफिस आठवतं. फुटबॉल वर्ल्डकपची तयारी चालू होती आणि सगळ्यांच्या रजा बंद होत्या. नाशिकहून फोन आला, बाबांचं उद्या हृदयाचं ऑपरेशन. संध्याकाळचं विमान गाठायला मॅनेजर बेनेटसाहेबांची सही हवी होती.

केबिनमध्ये रत्नागिरीचे सावंत चहा पीत साहेबांना विचारत होते, "सर, तुम्ही कुठले बेनेट?" आपण कुठल्याही जोश्यांना विचारतो, तसंच.

साहेब खुलले. एक बेनेट कादंबरीकार, एक गायक, एक तर पंतप्रधान.

"सर, माझी रजा..."

"अहो कुलकर्णी, दम धरा की," सावंत म्हणाले. "अजून क्रिकेटवाले बेनेट राहिलेत."

तेही झाले. मग साहेबांनी हसत मला विचारलं, "आणि तुम्ही कुठले कुलकर्णी?"

"ज्यांच्या वडिलांचं उद्या ऑपरेशन आहे, ते."

त्यांनी तत्काळ सही केली. "हे आधी नाही का सांगायचं?"

बाबांना आत नेण्याआधी मी पोचलो. आज कळतं, त्या परमुलखात साहेबांना त्यांच्या माणसांबद्दल विचारणारे सावंत एकटेच होते. कळतं, पण चीड काही जात नाही.