नऊ नंबरचा म्हातारा

कुठल्याही लग्नात गेलो की पंगत उठायच्या आत कुणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसतं आणि म्हणतं, "राव, ते सरड्याचं सांगा की!" आता कुठलं सांगू? या किश्शांचं असं असतं, एकाची शेपटी धरून ओढावी तर मागून दुसराच बाहेर येतो.

मी आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. आमच्या मेधा मॅडमनी पीएच.डी.ला सरडे घेतले आणि गेला हिवाळा मला निमगाव साव्यातल्या एका रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये काढावा लागला. अंग गार असताना सरडा किती पळतो, गरम असताना किती, आणि पिल्लू जास्त पळतं की म्हातारा, एवढंच बघायचं होतं. खरंच एवढंच!

*

पहिल्या दिवशी जीपमधून जाळीचे पिंजरे उतरले आणि निम्मं गाव गोळा झालं. आमच्या भागात पिंजरा म्हटलं की बिबट्या. एक आजोबा पुढे आले. "आमच्या उसात लावा पिंजरा. पिल्लं बी हायेत दोन."

मॅडम म्हणाल्या, "आजोबा, आम्ही सरडे पकडायला आलोय. पकडायचे, पळवायचे आणि जिथले तिथे सोडून द्यायचे."

"आन् बिबट्या?"

"त्याला पळवायला आमचा ट्रॅक पुरायचा नाही."

मागून एक बाई म्हणाली, "त्याला कशाला पळवताय? त्योच आमाला पळवतोय!"

*

सगळे सरडे दिसायला सारखेच. म्हणून पाठीवर नेलपॉलिशने नंबर घालायचे ठरले. ते आणायला मी पिंपळवंडीच्या एका दुकानात गेलो. काउंटरवर ताई होत्या. मी तीन रंग काढायला लावले, झाकणं उघडून बघितली आणि विचारलं, "चार-आठ दिवस टिकेल ना? सरड्याला लावायचंय."

ताईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भाऊ, घरात वहिनींना असंच म्हणता व्हय तुमी?"

*

शेड तात्यांचं होतं, त्यांच्या घराच्या ओट्याला लागूनच. वय पंचाहत्तर. दिवाळीच्या आधी गोठ्यात घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला. पण तात्यांच्या मनात पुन्हा पडायची भीती बसली ती बसलीच. वॉकर आणला होता, त्यावर त्यांच्या सूनबाई सुमनवहिनी टॉवेल वाळत घालायच्या. रोज संध्याकाळी अख्ख्या शेताला फेरी मारणारा माणूस आता ओटा उतरेना. मला फार वाईट वाटायचं.

जीभ मात्र शाबूत होती! सरड्याच्या अंगाचं तापमान मागच्या बाजूने बारीक वायर घालून घ्यावं लागतं. तात्यांनी ते ओट्यावरून बघितलं.

"ताप आलाय का त्याला?"

"नाही तात्या, प्रत्येक वेळी बघावंच लागतं."

"दवाखान्यात माझा ताप काखेत बघत व्हते," तात्या म्हणाले, "आन् मी उगंच कुरकुर केली!"

*

एकदा दूध घालायला निघालेला शेजारी शेडपाशी थांबला. "काय मॅडम, सरड्याची धाव कुंपणापर्यंत! ह्ये तर आमाला शाळंत न जाता ठावं हाय. त्यात काय शिकायचं?"

आम्ही सगळे हसलो. मॅडमसुद्धा. तात्या हसले नाहीत.

"त्याची कुंपणापातूर तरी हाय," ते म्हणाले. "माझी वट्यापातूर."

सुमनवहिनी हातातला टॉवेल घेऊन आत निघून गेल्या.

*

नऊ नंबरचा सरडा आमच्यातला सगळ्यात थोराड. शेपटी अर्धी तुटलेली, पाठीवर लाल नेलपॉलिश. त्याचं नाव आपोआप म्हातारा पडलं. एका गार सकाळी त्याला ट्रॅकवर ठेवला. ट्रॅक म्हणजे दोन फळ्यांमधली लांब वाट, खाली गोणपाट. पळवायला म्हणून मी नेहमीप्रमाणे मागून शेपटीला रंगाचा ब्रश टेकवला. म्हातारा पळाला नाही. वळला, आ वासला आणि माझं बोटच धरलं!

तात्या ओट्यावरून कळवळून म्हणाले, "सोडा वो त्याला. वय झालंय त्याचं."

"वय नाही तात्या, अंग गार आहे," मॅडम म्हणाल्या. "गार असला की पळणं जमत नाही. म्हणून तो चावायला येतो."

दारातून सुमनवहिनी म्हणाल्या, "आमच्या घरात बी सकाळी असंच हाय!"

*

त्याच दिवशी दुपारी म्हाताऱ्याला उन्हात ठेवून पुन्हा ट्रॅकवर आणला. आधी चार नंबरचं पिल्लू सोडलं. ते सुळकन निघालं आणि निम्म्या वाटेत धापा टाकत बसलं. मग म्हातारा. ब्रश टेकायच्या आत सुटला, पार टोकाला जाऊन भिडला, तिथून वळून परत आला.

तात्या खुर्चीत पुढे सरकले. "पुन्यांदा पळवा."

पुन्हा पळवला. पुन्हा तेच! मग तात्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, किती वेळ ऊन खाल्लं त्यानं?"

*

दुसऱ्या दिवसापासून तात्यांची खुर्ची उन्हात. मध्येच मॅडमपुढे मनगट धरायचे, "बघा, झालं का गरम?" सुमनवहिनींनी न सांगता वॉकरवरचे टॉवेल काढले.

चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला तात्या वॉकर धरून उठले. दोन पायऱ्या उतरले. समोर अंगण आणि त्यापलीकडे कांद्याच्या वावराचं तारेचं कुंपण. मॅडमनी सवयीने स्टॉपवॉच सुरू केलं. सुमनवहिनी खुर्ची उचलून मागे निघाल्या, मीही निघालो.

"सुमन, खुर्ची ठिव. आन् पावणं, तुमी मागून ब्रश लावू नका!"

अंगणाच्या मध्यावर तात्या थांबले. मला वाटलं, आता परत फिरणार. सुमनवहिनींनी पदर तोंडाला लावला होता. तात्यांनी श्वास घेतला आणि वॉकर पुढे टाकला. एक पाऊल. आणखी एक. शेवटी दोन्ही हातांनी कुंपणाचा खांब धरला.

मॅडमनी स्टॉपवॉच बंद केलं, पण वेळ कुणी विचारली नाही. वहिनी रडत होत्या. माझीही तीच गत.

तात्या पलीकडच्या कांद्याकडे बघत राहिले. मग मान वळवून म्हणाले,

"सुमन, ह्ये कुंपण एवढं जवळ कुणी लावलं गं?"